प्राथमिक स्तरावरील विज्ञान अध्यापनात डिजिटल प्रतिमा-साधनांचे स्थान

प्रस्तावना :
विज्ञानाचा आरंभ निरीक्षणातून होतो, हे सर्वमान्य आहे. प्रत्यक्षात मात्र इयत्ता पहिली ते आठवीच्या अनेक वर्गांत कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी पाठ्यपुस्तकातील आकृतीवरूनच शिकविली जाते. सूक्ष्मदर्शक उपलब्ध असला तरी तो एका वेळी एकाच डोळ्याचे साधन असतो. विद्यार्थ्याने पेशी पाहिली की हवेचा बुडबुडा, हे शिक्षकास कळत नाही. डिजिटल प्रतिमेमुळे ही अडचण दूर होते. परंतु तिचा उपयोग केवळ दाखविण्यासाठी करावा की मोजण्यासाठी, हा खरा प्रश्न असून प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

साधनांचे स्वरूप :
स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनू प्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदाची घडी घालून तयार होणाऱ्या ‘फोल्डस्कोप’ या सूक्ष्मदर्शकाविषयीचा शोधनिबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे १४० पट विशालन करणारे हे साधन चुंबकाच्या साहाय्याने मोबाइलच्या कॅमेऱ्यास जोडता येते. संगणकास जोडावयाचा यूएसबी सूक्ष्मदर्शकही शालेय वापरास सोयीचा आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत विकसित झालेली ‘इमेजजे’ ही प्रतिमा-मापनाची संगणकप्रणाली विनामूल्य मिळते.

प्रतिमेतून मापन :
डिजिटल प्रतिमा ही पिक्सेल नावाच्या लहान चौकोनांची जाळी असते. प्रथम पारदर्शक मोजपट्टीचे छायाचित्र घ्यावे. त्यात १ मिलिमीटर अंतर ४०० पिक्सेल व्यापते, असे मानू. नंतर त्याच विशालनावर व त्याच अंतरावरून कांद्याच्या पापुद्र्याचे छायाचित्र घ्यावे. एका पेशीची लांबी १०० पिक्सेल भरल्यास ती १०० भागिले ४००, म्हणजेच ०.२५ मिलिमीटर होय. दहा पेशी मोजून सरासरी काढल्यास विद्यार्थ्यांस निसर्गातील विविधतेचाही प्रत्यय येतो. येथे गणितातील गुणोत्तर व विज्ञानातील निरीक्षण एकत्र येतात. याच पद्धतीने अंकुरणाऱ्या मटकीच्या मुळाची दैनंदिन वाढ आलेखाद्वारे मांडता येईल.

मर्यादा :
डिजिटल झूममुळे पिक्सेल मोठे दिसतात, नवा तपशील मिळत नाही. कॅमेरा रंग व प्रकाश आपोआप बदलत असल्याने केवळ रंगावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. प्रमाणपट्टीविरहित प्रतिमा कितीही आकर्षक असली तरी आकाराविषयी काहीच सांगत नाही. तसेच पडद्यावर तयार प्रतिमा दाखविल्यास विद्यार्थी पुन्हा प्रेक्षकच राहतो. म्हणून पापुद्रा सोलणे, काचपट्टी तयार करणे, आकृती काढणे या कृती त्याने स्वतः कराव्यात व त्यानंतरच प्रतिमा घ्यावी.

निष्कर्ष :
साधनाची किंमत आता मुख्य अडसर राहिलेली नाही. शिक्षकाची तयारी हा अडसर आहे. वरिष्ठ महाविद्यालयांतील जीवशास्त्र व भौतिकशास्त्र विभागांनी परिसरातील शाळांच्या शिक्षकांना प्रमाणनिश्चिती व मापन यांचे प्रशिक्षण दिल्यास ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघेल. विद्यार्थी ‘काय दिसले’ याबरोबरच ‘केवढे दिसले’ हे सांगू लागेल, तेव्हाच या साधनांचा वापर सार्थ ठरेल.