२६ हाडं आणि सहा हजार टन

फ्रान्समधल्या लिआँ शहरात २५ पायऱ्यांचा एक जिना आहे, चार मीटरांहून उंच. स्केटबोर्डच्या दुनियेत ‘जॉज’ म्हणून ओळखला जाणारा अमेरिकेचा ॲरन होमोकी २०१५ साली बोर्डासकट त्यावरून उडाला आणि खाली चाकांवर उभा उतरला. आधीच्या खेपेला याच जिन्याने त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाडला होता.

गणित शाळेतलंच आहे. उंची चारच मीटर धरली तरी टेकताना वेग ताशी ३२ किलोमीटर होतो. तो किती अंतरात शून्यावर आणता, यावर पायाचं भवितव्य ठरतं. गुडघे आणि घोटे वाकवून ४० सेंटिमीटर मिळवले, तर सरासरी भार वजनाच्या ११ पट. पाय ताठ राहिले आणि ५ सेंटिमीटरच मिळाले, तर ८१ पट. म्हणजे ६० किलोच्या माणसावर जवळजवळ पाच टन! मुरलेले स्केटर उडी फसतेय असं दिसताच बोर्ड लाथाडून लोळण घेतात, ते उगाच नव्हे. टाचेखालची चरबीची गादी जेमतेम दोन सेंटिमीटर जाड असते. तिच्या भरवशावर ताठ उतरणारा पुढे कित्येक दिवस चवड्यावर चालतो.

एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे. दोन्ही मिळून ५२ हाडं, म्हणजे अंगातल्या २०६ पैकी चौथा हिस्सा घोट्याखाली.

तिहेरी उडीत मधल्या टप्प्याला एकट्या पायावर वजनाच्या पंधरा पटींपर्यंत जोर येतो. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय दर चेंडूला पाचेक पट सोसतो. ८० किलोच्या गोलंदाजाने कसोटीत दिवसाला २० षटकं टाकली, तर तो एक पाय ४८ टन झेलतो.

हे आकडे मोठे खरेच, पण मला जास्त चक्रावून टाकते ती मॅरेथॉन. तिथे ना जिना, ना उडी. ६० किलोचा धावपटू ४२.१९५ किलोमीटरमध्ये साधारण ४० हजार पावलं टाकतो आणि प्रत्येक पाऊल वजनाच्या अडीच पट, म्हणजे १५० किलोने आपटतं. बेरीज सहा हजार टन! अशी बेरीज भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना पटणार नाही, कारण दोन पावलांच्या मध्ये पाय मोकळाच असतो. पण हाड असा हिशेब ठेवतं. शिवाय ही झाली फक्त शर्यत. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी आठवड्याला ५० किलोमीटर असा १६ आठवडे सराव केला, तर आणखी साडेसात लाख पावलं.

टाचेमागच्या अकिलिस कंडरेची तर कमालच. फिनलंडचे पाव्हो कोमी यांनी स्वयंसेवकांच्या कंडरेला शस्त्रक्रियेने मोजयंत्र बसवलं आणि त्यांना पळवलं. (स्वयंसेवक कसे मिळाले असतील, देव जाणे.) वेगात धावताना वजनाच्या साडेबारा पट ताण निघाला.

मग एवढ्या माऱ्यात हाड टिकतं कसं? ते स्वतःची डागडुजी करत राहतं. मात्र आधी खणायचं, मग भरायचं, असा तिचा क्रम आहे. झिजलेला भाग पोखरायला साधारण तीन आठवडे लागतात, नवं हाड भरायला तीनेक महिने. त्यामुळे एकदम सराव वाढवणाऱ्याचं हाड पहिल्या काही आठवड्यांत बळकट होण्याऐवजी आधी कमकुवत होतं आणि नेमक्या त्याच दिवसांत उत्साह उतू जात असतो. १८५५ मध्ये प्रशियन लष्करातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी कवायती सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांची नोंद केली. आत हाडालाच तडा गेलाय हे कळायला चाळीस वर्षांहून जास्त काळ लागला, कारण तोवर एक्स-रेच नव्हता.

आज एक्स-रे आहे, पण असा बारीक तडा पहिले दोन-तीन आठवडे त्यात पुष्कळदा दिसतच नाही. रिपोर्ट नॉर्मल येतो, धावपटू खूश होऊन सोमवारी पुन्हा बूट बांधतो आणि रविवारपर्यंत त्या हाडाच्या खात्यावर आणखी २४ हजार दणके चढतात.