पत्रा, पंच आणि उजेडाची मोजपट्टी



आपल्या देवनारपासून जवळच, विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात, देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी 1951 साली 12 लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या तयार झाल्या. इतक्या पेट्यांची झाकणं नीट बसायची, तर प्रत्येक पत्रा सारखाच वाकायला हवा. घरातल्या लोखंडी कपाटाचंही तेच.

पत्रा वाकवायच्या मशीनमध्ये खाली खाचेची डाय असते आणि वरून रॅमला लावलेला पंच उतरतो. पंच किती खोल गेला, यावर पत्र्याचा कोन ठरतो. 8 मिलिमीटर रुंद खाचेत पंच फक्त 0.1 मिलिमीटर, म्हणजे जाड केसाएवढा जास्त उतरला, तरी काटकोन साधारण दीड अंशाने चुकतो. मग कपाटाची दारं जुळत नाहीत, माल परत येतो आणि ठपका बसतो काम करणाऱ्या हातावर.

चालत्या मशीनवर केसाएवढा फरक डोळ्यांना कसा दिसणार? तो उजेड मोजतो. सीएनसी बेंडिंग मशीनला काचेची मोजपट्टी असते. तिच्यावर अगदी बारीक, समान अंतरावर रेघा असतात. रॅम हलला की त्या रेघांमधून जाणारा उजेड लुकलुकतो आणि सेन्सर ती लुकलुक मोजतो. अशा पट्ट्या डाव्या आणि उजव्या, दोन्ही टोकांना असतात. दोघींचे आकडे जुळले नाहीत, तर रॅम तिरका उतरतोय हे कळतं आणि मशीन त्याला सरळ करतं.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ही मोजपट्टी पंच पाहते, तुमची बोटं पाहत नाही. बोटांसाठी वेगळा ‘उजेडाचा पडदा’ लागतो. मशीनसमोरच्या दोन खांबांमध्ये किरण असतात. त्यांत हात आला की रॅम थांबतो. मात्र चाकाच्या जोरावर चालणाऱ्या जुन्या प्रेसमध्ये एकदा पायडल दाबलं की फेरी पूर्ण झाल्याशिवाय रॅम थांबतच नाही. तिथे असा पडदा काही कामाचा नाही. हात आतच जाणार नाही, अशी पक्की जाळी हवी.

म्हणून नव्या मशीनवर बसण्याआधी दोन प्रश्न विचारा: हा सेन्सर मालासाठी आहे की हातासाठी? आणि मशीन मध्येच थांबतं का? उत्तर मिळेपर्यंत हात बाहेरच ठेवा.