चीनकडून काय घ्यावं, काय घेऊ नये? : व्यापार आणि सुरक्षेचा ताळेबंद

मागच्या व्याख्यानात आपण भारत-चीन सीमावाद पाहिला. ते संपल्यावर श्रोत्यांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला : सीमेवर आपले जवान धारातीर्थी पडतात आणि बाजारात चिनी माल येतच राहतो, मग सरकार हा व्यापार सरळ बंद का करत नाही? प्रश्न रागातून आलेला आहे, पण रास्त आहे. आज त्याचंच उत्तर शोधू.

आधी आकडे बघू. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये आपले २० जवान शहीद झाले. त्या आर्थिक वर्षात, म्हणजे २०२०-२१ मध्ये, चीनकडून आपली आयात सुमारे ६५ अब्ज डॉलरची होती. २०२४-२५ मध्ये ती ११३ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. आपली चीनला निर्यात मात्र १४ अब्ज डॉलरच्या आसपास. म्हणजे जवळपास ९९ अब्ज डॉलरची तूट. बहिष्काराच्या एवढ्या घोषणा झाल्या आणि आयात पावणेदोन पट झाली.

हा आकडा ऐकला की छातीत धस्स होतं. पण या एका आकड्यावरून आपण किती धोक्यात आहोत हे कळत नाही. कारण त्यात दिवाळीच्या माळा आहेत, मोबाइलचे सुटे भाग आहेत, औषधांचा कच्चा माल आहे आणि यंत्रसामग्रीही आहे. या सगळ्यांचा धोका सारखा नाही. उद्या माळा आल्या नाहीत तर आपण पणत्या लावू. औषधाचा कच्चा माल आला नाही तर?

अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये यावर एक पुस्तक लिहिलं. नाझी जर्मनीने आग्नेय युरोपातल्या छोट्या देशांशी व्यापार वाढवून त्यांना कसं कह्यात घेतलं, याचा त्यात अभ्यास आहे. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : व्यापारातून मिळणारी सत्ता ही व्यापार थांबवण्याच्या क्षमतेत असते. कोण किती विकतो यापेक्षा, व्यवहार तुटला तर कोणाला जास्त दुखेल, हे महत्त्वाचं.

ही फूटपट्टी आपल्याला लावून बघू. आपल्या एकूण आयातीत चीनचा वाटा सुमारे १५ टक्के आहे. चीनच्या एकूण निर्यातीत भारताचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास. मग सरसकट व्यापारबंदी केली तर जास्त कोणाला लागेल? उत्तर कडू आहे, पण स्पष्ट आहे. म्हणूनच सगळं बंद करा हे धोरण होऊ शकत नाही. आणि सगळं चालू द्या, हेही नाही. मध्ये चाळणी लावावी लागते. त्या चाळणीला आपण तीन प्रश्न देऊ.

पहिला प्रश्न : पुरवठा थांबला तर दुसरीकडून मिळायला किती काळ लागेल?

याचं ताजं उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मूलद्रव्यांवर आणि त्यांच्यापासून होणाऱ्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली. हा वार खरा अमेरिकेच्या आयातशुल्काला उत्तर म्हणून होता, पण त्याचा फटका आपल्याला बसला. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या मोटरमध्ये हे चुंबक लागतात. ते अडकले, आणि ऑगस्टमध्ये चेतकचं उत्पादन ठप्प होऊ शकतं, असा इशारा बजाज ऑटोला जाहीरपणे द्यावा लागला. गाडीच्या किमतीत या चुंबकांचा वाटा तो किती! पण त्यांच्यावाचून गाडी हलत नाही. जगातले सुमारे ९० टक्के असे चुंबक चीनमध्येच तयार होतात, त्यामुळे दुसरं दुकान शोधायला जाणार कुठे?

खेळण्यांचं तसं नाही. २०२० मध्ये आपण खेळण्यांवरचं आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेलं. देशी उद्योगासाठी त्याला कारणं असतील, पण खेळणी आली नाहीत म्हणून देश थांबत नाही. तेव्हा तो निर्णय रोजगाराच्या खात्यात मांडा, सुरक्षेच्या नको.

दुसरा प्रश्न : ही वस्तू विकल्यानंतरही विकणाऱ्याचा हात तिच्यात राहतो का?

खुर्ची विकली की संबंध संपतो. टेलिकॉमची यंत्रणा किंवा सीसीटीव्ही कॅमेरा विकल्यावर संपत नाही. त्यात सॉफ्टवेअर असतं, ते दुरून बदलता येतं, माहिती बाहेर जाऊ शकते. म्हणून जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, आणि टेलिकॉम कंपन्यांनी विश्वासार्ह ठरवलेल्या पुरवठादारांकडूनच उपकरणं घ्यावीत, हा नियम जून २०२१ पासून लागू केला. इथे स्वस्त-महाग हा हिशेब दुय्यम आहे.

मालकीचंही तसंच. एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे गलवानच्या आधीच, जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या थेट गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची झाली. चीनच्या मध्यवर्ती बँकेचा एचडीएफसीमधला हिस्सा १ टक्क्याच्या वर गेल्याचं नुकतंच समोर आलं होतं. करोनात शेअर पडलेले असताना कोणी कंपन्या स्वस्तात उचलू नयेत, ही भीती होती. पण जुलै २०२४ च्या आर्थिक पाहणी अहवालाने उलटी बाजूही मांडली : सगळा माल आयात करत राहण्यापेक्षा चिनी गुंतवणूक इथे येऊ द्यावी, म्हणजे कारखाना आणि कौशल्य तरी इथे राहील. आम्हाला वाटतं, दोन्ही बाजूंत तथ्य आहे. सुट्या भागांचा कारखाना आणि टेलिकॉमची यंत्रणा यांना एकच नियम लावायला नको.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड : पर्याय उभा करायचा तर त्याची किंमत कोण देणार?

पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेला, सार्वजनिक क्षेत्रातला देशातला पहिला औषध कारखाना. पेनिसिलिन आपण तिथे बनवत होतो. पुढे बाजार खुला झाला, चिनी माल स्वस्त मिळू लागला आणि एकेक भारतीय उत्पादकाने पेनिसिलिन-जी बनवणं सोडलं. अमॉक्सिसिलिनसारख्या औषधांचा हा मूळ माल. त्या-त्या दिवशी प्रत्येक खरेदीदाराचा निर्णय शहाणपणाचाच होता. औषध स्वस्त झालं, गरिबाला परवडलं. पण सगळ्या शहाण्या निर्णयांची बेरीज अशी झाली की एका महत्त्वाच्या मालासाठी देश एका देशाच्या दारात उभा राहिला.

२०२० मध्ये सरकारने औषधांच्या कच्च्या मालासाठी ६,९४० कोटींची प्रोत्साहन योजना आणली. २०२४ मध्ये काकीनाड्याजवळ पेनिसिलिन-जीचं उत्पादन पुन्हा सुरू झालं. आणि मग काय झालं? चिनी मालाचे भाव उतरले. आता औषध कंपनीने कुठला माल घ्यायचा? स्वस्त घेतला तर देशी कारखाना बसेल. महाग घेतला तर गोळी महागेल. ही खरी पेचाची जागा आहे. देशभक्तीच्या भाषणात ती येत नाही, पण मेडिकलच्या बिलावर येते.

जपानकडून इथे शिकण्यासारखं आहे. २०१० मध्ये सेन्काकू बेटांजवळ एका चिनी मासेमारी बोटीची जपानी तटरक्षक जहाजांशी टक्कर झाली. त्यानंतर जपानकडे जाणारी दुर्मिळ मूलद्रव्यं अडकली. तेव्हा जपान त्यासाठी सुमारे ९० टक्के चीनवर अवलंबून होता. त्याने चीनशी व्यापार तोडला नाही. ऑस्ट्रेलियातल्या लायनस कंपनीत पैसा घातला, साठे केले, कमी मूलद्रव्यात काम भागवणारं तंत्र शोधलं. अवलंबन ६० टक्क्यांच्या आसपास आलं. पूर्ण सुटका नाही झाली, आणि एवढ्यालाही दहा वर्षांहून अधिक काळ लागला. त्या काळात बाजारभाव अनेकदा पडले, तरी जपानने हात काढून घेतला नाही.

आपली इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी १९५० पासून आहे. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत खनिज आहे. पण वाळूपासून चुंबकापर्यंतची साखळी आपण उभी केली नाही, कारण चुंबक स्वस्तात मिळत होते. आता नोव्हेंबर २०२५ मध्ये ७,२८० कोटींची चुंबक योजना मंजूर झाली आहे. तिची परीक्षा चीनने परवाने सैल केल्यावर, भाव पाडल्यावर होईल. तेव्हा आपण टिकून राहणार का?

विम्याचा हप्ता भरताना वर्षभर काही झालं नाही, की पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. सुरक्षेसाठी दिलेली जास्तीची किंमत अशीच असते. म्हणून ती मोजक्याच वस्तूंसाठी द्यावी, पण दिली की नेटाने देत राहावी. आणि तो हप्ता तिजोरीतून भरावा, रुग्णाच्या खिशातून नको.

तर श्रोत्यांच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं : बराचसा व्यापार चालू ठेवा, त्यातून आपल्यालाही फायदा आहे. जिथे समोरच्याचा हात आपल्या यंत्रणेत शिरतो तिथे दार बंद करा. आणि जिथे गळा त्याच्या मुठीत आहे तिथे आरडाओरडा न करता, पदरचे पैसे घालून, दुसरी वाट बांधा. पुढच्या वेळी कोणी व्यापारतुटीचा आकडा सांगितला, तर आपण एवढंच विचारू : यातलं काय थांबलं तर आपण थांबू?

आता प्रश्न घेऊया.