सोंगदोचा डॉलर खाडीपर्यंत कसा येतो

ऑक्टोबर २०१८ मध्ये बहरीनची राजधानी मनामा इथे एक बैठक झाली आणि भारताच्या किनाऱ्यासाठी ४ कोटी ३४ लाख डॉलर मंजूर झाले. त्या वेळच्या दराने तीनशे कोटी रुपयांहून थोडे अधिक. महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशा या तीन राज्यांचा हा एकत्र प्रकल्प. उजाड झालेली कांदळवने पुन्हा उभी करायची आणि किनाऱ्यावरच्या लोकांना हवामानाचे तडाखे सोसू शकेल असा रोजगार मिळवून द्यायचा. आपल्याकडे सिंधुदुर्गात खेकडेपालन, कालवांची शेती अशी कामे त्यातून होतात.

हे पैसे ‘ग्रीन क्लायमेट फंडा’चे. त्याचे मुख्यालय दक्षिण कोरियात, इंचॉन शहराच्या सोंगदो भागात आहे. फंडाचा निर्णय २०१० च्या कानकुन परिषदेत झाला, पण मूळ १९९२ च्या हवामान करारात आहे. हवेतला बराचसा कार्बन ज्यांच्या कारखान्यांनी सोडला, त्या विकसित देशांनी इतरांना ‘नवा आणि जादा’ पैसा द्यावा, असे बंधन तिथेच घातले गेले. पुढे २००९ मध्ये कोपनहेगनला आकडा ठरला : २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर. हे १०० अब्ज सोंगदोच्या तिजोरीत जमा होतात असे अनेकांना वाटते, तसे नाही. त्यातला मोठा भाग जागतिक बँकेसारख्या विकास बँका आणि देशादेशांतले थेट व्यवहार यांतून फिरतो. ग्रीन क्लायमेट फंडाला २०१४ मध्ये पहिल्या फेरीत जी आश्वासने मिळाली, ती अनेक वर्षांची मिळून सुमारे १० अब्जांची होती.

आणि ती आश्वासनेच. गणपतीच्या वर्गणीत यादीवर नाव घालणारे आणि पेटीत पैसे टाकणारे वेगळे असतात, तसेच इथेही चालते. अमेरिकेने २०१४ मध्ये ३ अब्ज डॉलर कबूल केले. ओबामांची कारकीर्द संपेपर्यंत त्यातला १ अब्ज आला. ट्रम्प यांनी पुढचे थांबवले, बायडन यांनी २०२३ मध्ये आणखी एक अब्ज दिला आणि नव्या ३ अब्जांचा शब्द दिला. २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने उरलेले सगळे ४ अब्ज रद्द केले. वसुलीसाठी जायला कुठलेही न्यायालय नाही.

आता मागणाऱ्याची बाजू. फंड स्वतः प्रकल्प चालवत नाही आणि सिंधुदुर्गातल्या बचत गटाला थेट अर्जही करता येत नाही. मध्ये एक मान्यताप्राप्त संस्था लागते. हिशेब, लेखापरीक्षण, पर्यावरणाची व माणसांची हानी टाळण्याचे नियम, हे सगळे तपासून फंड अशी मान्यता देतो. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘नाबार्ड’ला ती २०१५ मध्ये मिळाली. किनाऱ्याच्या या प्रकल्पासाठी मात्र ती जागा संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने, म्हणजे यूएनडीपीने घेतली. लहान, गरीब देशांची खरी अडचण इथेच असते. घरची मान्यताप्राप्त संस्था नसेल, तर बाहेरच्या संस्थेच्या वेळापत्रकाने चालावे लागते आणि तिचे शुल्कही द्यावे लागते.

संस्था प्रस्ताव तयार करते, त्यावर देशाचे ना हरकत पत्र लागते. भारतात ते केंद्रीय पर्यावरण मंत्रालय देते. मग सोंगदोतले सचिवालय छाननी करते, स्वतंत्र तज्ज्ञांचे मंडळ मत देते आणि प्रस्ताव संचालक मंडळापुढे जातो. मंडळात २४ जण, निम्मे विकसित देशांचे, निम्मे विकसनशील. त्या काळी निर्णय एकमतानेच होत. जुलै २०१८ ची बैठक त्यामुळेच फसली, एकही प्रकल्प मंजूर झाला नाही आणि फंडाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. आपला प्रकल्प मनामाला गेला तो त्या रिकाम्या हाताने उठलेल्या बैठकीनंतर.

मंजुरीनंतरही पैसे लगेच हलत नाहीत. आधी फंड आणि संस्था यांच्यात करार होतो, मग हप्ते सुटतात, आणि पुढचा हप्ता आधीच्या खर्चाच्या अहवालावर अवलंबून असतो. बातमीतला ‘मंजूर’ हा आकडा म्हणूनच खाडीवर दिसायला वर्षे लागतात. आणखी एक गोष्ट : प्रकल्पाची एकूण किंमत सुमारे १३ कोटी डॉलर आहे. म्हणजे दोन-तृतीयांश भार आपल्याच सरकारी तिजोरीवर. ‘परदेशी मदत’ म्हणताना हे सहसा कोणी सांगत नाही.

तरी हे ४ कोटी ३४ लाख अनुदान आहेत, परत करायचे नाहीत. सौर ऊर्जेला कर्ज चालते, कारण वीज विकून हप्ता फिटतो. कांदळवन लाटांचा जोर मोडते, पण त्याचे बिल कोणाला लावणार? असे असूनही जगभर कर्जाचेच पारडे जड आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाला जागतिक बँकेने दिलेले ४२ कोटी डॉलर कर्जच होते. श्रीमंत देशांची संघटना ‘ओईसीडी’ सांगते की १०० अब्जांचा टप्पा २०२२ मध्ये ओलांडला, ११५.९ अब्ज झाले. पण त्यातल्या सार्वजनिक पैशात ६९ टक्के कर्ज होते आणि ते पूर्ण रकमेने मोजले होते. व्याजासह परत घ्यायच्या पैशाला मदत म्हणून पूर्ण गुण द्यायचे, ही मोजणी माझ्या मते सोयीची आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकूला २०३५ साठी वर्षाला ३०० अब्जांचे नवे लक्ष्य ठरले, तेव्हा भारताने भर सभेत हरकत घेतली. विकसनशील देशांची मागणी १,३०० अब्जांची होती.

निसर्ग किंवा तौक्ते वादळात कोसळलेल्या घराला, आडव्या झालेल्या सुपारीच्या बागेला ग्रीन क्लायमेट फंडातून भरपाई मिळत नाही. तो पुढच्या तयारीसाठी आहे. झालेल्या नुकसानीसाठी वेगळा फंड हवा, ही बेटांच्या देशांची जुनी मागणी २०२२ मध्ये शर्म अल-शेखला मान्य झाली. त्या फंडाच्या मंडळाचे यजमानपद फिलिपिन्सकडे आहे. पहिल्या फेरीत २५ कोटी डॉलर वाटायचे ठरले, त्यातले किमान निम्मे छोट्या बेटांच्या आणि अतिअविकसित देशांसाठी. भारत या दोन्ही याद्यांत नाही. त्यामुळे श्रीवर्धनच्या बागायतदाराला पंचनाम्यासाठी अजून तरी तलाठ्याकडेच जावे लागते.