शेतकरी कामगार पक्ष, सातारा-सांगलीतील

महाराष्ट्रातील मार्क्सवादी विचारसरणीचा एक प्रादेशिक पक्ष. केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृतींनी १९४७ मध्ये काँग्रेसअंतर्गत गट म्हणून तो स्थापिला व १९४८ मध्ये तो काँग्रेसबाहेर पडला. जुन्या सातारा जिल्ह्यात त्याला आयती भूमी लाभली. सत्यशोधक चळवळीने तेथील कुणब्यास ब्राह्मण व सावकार यांच्या वर्चस्वाविरुद्ध जागे केले होते आणि १९४३–४६ मधील प्रतिसरकारने खेड्यांना स्वतःचे न्यायनिवाडे करण्याचा अनुभव दिला होता. प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील पक्षात आल्याने ही परंपरा पक्षाकडे आली.

दाभाडी (नासिक जिल्हा) येथे १९५० मध्ये पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. येथेच मतभेदांचे मूळ होते. ज्या कार्यकर्त्यांना पक्षात जमीन, शेतमालाचा भाव व बहुजनांची सत्ता हवी होती, त्यांना आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट चळवळीची भाषा परकी वाटे. उलट कट्टर मार्क्सवाद्यांना पक्ष मवाळ वाटे. दत्ता देशमुख व नाना पाटील बाहेर पडले. १९५२ मध्ये मुंबई विधानसभेत पक्षास १४ जागा मिळाल्या. जेधे १९५४ मध्ये काँग्रेसमध्ये परतले.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने पक्ष सावरला. १९५७ मध्ये त्याने ३१ जागा जिंकल्या. नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर गेले, पण कम्युनिस्ट पक्षातर्फे. कराडला यशवंतराव चव्हाण निसटत्या मताधिक्याने निवडून आले.

मात्र १९६० मध्ये राज्य निर्माण होताच समितीचे प्रयोजन संपले. देवराष्ट्रे येथे जन्मलेल्या चव्हाणांनी बहुजन कार्यकर्त्यांना काँग्रेसची दारे उघडली. जो वर्ग शे. का. पक्षाचा आधार, तोच काँग्रेसलाही हवा होता. सत्ता मात्र एकाच बाजूस होती. कराडचे यशवंतराव मोहिते काँग्रेसमध्ये गेले व पुढे मंत्री झाले. कृष्णाकाठच्या सहकारी साखर कारखान्यांनी ऊस, कर्ज व रोजगार यांची सूत्रे काँग्रेसजनांच्या हाती दिली. विरोधी पक्षात राहणे बागायतदारास परवडेनासे झाले.

वाळवे तालुक्यातील ढवळी येथे जन्मलेले एन. डी. पाटील (१९२९–२०२२) अखेरपर्यंत पक्षात राहिले. १९७८ मध्ये ते सहकारमंत्री झाले. त्यांचा लोकांवरील प्रभाव पक्षाच्या बळापेक्षा कितीतरी मोठा होता. विधानसभेत पक्षाच्या जागा १९६७ मध्ये १९, तर १९७२ मध्ये ७ होत्या. पुढे त्याचे बळ मुख्यतः रायगड जिल्हा व सांगोले (सोलापूर जिल्हा) येथे उरले. २०२४ मध्ये सांगोल्यातील एकच जागा त्याला मिळाली.