शिस्त विद्यार्थ्याची, शब्द संस्थेचा

विद्यार्थ्यांमध्ये शिस्त उरली नाही, त्यांना तारतम्य राहिलेले नाही, ही तक्रार प्राध्यापकांच्या खोलीत नित्य ऐकू येते. तिच्यावरचे उपायही ठरलेले आहेत: हजेरीची सक्ती, फाटकावर ओळखपत्रांची तपासणी, मोबाईलची जप्ती आणि वर्षातून एकदा मूल्यशिक्षणावर एखाद्या पाहुण्याचे व्याख्यान. या उपायांनी आवारात शांतता नांदते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पहारा उठताच जी शिस्त उठते, तिला आत्मसंयम म्हणता येत नाही.

अर्थशास्त्राला हा प्रश्न अपरिचित नाही. आजचा उपभोग टाळून उद्याची तरतूद माणूस केव्हा करतो, याचा विचार आयर्विंग फिशर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९३० साली व्याजाच्या उपपत्तीवरील आपल्या ग्रंथात केला. माणसाचा उतावीळपणा त्याच्या स्वभावावर अवलंबून असतो, हे त्याला मान्यच होते. पण उत्पन्न किती, ते केव्हा हाती येणार आणि त्याची खात्री किती, यांवरही तो अवलंबून असतो, असे त्याने दाखविले. हा दुसरा भाग आपण शिक्षक सोयिस्करपणे विसरतो.

संयमावरील व्याख्यानांतून एक प्रयोग हमखास सांगितला जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस लहान मुलांसमोर खाऊ ठेवला आणि मी परत येईपर्यंत थांबलास तर दुप्पट मिळेल, असे सांगितले. जी मुले अधिक काळ थांबली ती पुढे शाळेतही सरस ठरली, असे नंतर आढळले. येथवरची कथा सर्वांना ठाऊक असते. पुढची फारशी कोणी सांगत नाही. २०१८ मध्ये बऱ्याच मोठ्या संख्येच्या मुलांवरून हाच संबंध तपासला गेला, तेव्हा तो पुष्कळच क्षीण निघाला. घरची परिस्थिती व संगोपन जमेस धरल्यावर तर तो फारसा उरला नाही.

त्याहून बोलका प्रयोग अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठातला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला. मुले अवघी अठ्ठावीस होती, हे लक्षात ठेवले पाहिजे. खाऊ समोर ठेवण्याआधी त्यांना चित्रकलेचे अधिक चांगले साहित्य आणून देण्याचे कबूल केले होते. निम्म्या मुलांना ते मिळाले. उरलेल्यांपाशी मोठे माणूस रिकाम्या हाताने परतले व क्षमा मागून मोकळे झाले. नंतर खाऊ समोर आला तेव्हा ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी सुमारे बारा मिनिटे थांबली. ज्यांना फसविले गेले होते ती तीन मिनिटे. या तीन मिनिटांच्या मुलांना बेशिस्त कसे म्हणावे? ज्याने एकदा शब्द मोडला त्याच्या भरवशावर हातचे सोडू नये, हा त्यांचा निर्णय व्यवहारज्ञानाचाच होता.

आता आपल्या मुलांकडे पाहावे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची ५ एप्रिल २०२० रोजी व्हावयाची राज्यसेवा पूर्व परीक्षा अनेक वेळा पुढे जाऊन अखेर २१ मार्च २०२१ रोजी झाली. साथीचे कारण खरे होते, त्याबद्दल वाद नाही. परंतु १४ मार्चची ठरलेली परीक्षा होणार नाही, हे अवघे तीन दिवस आधी जाहीर झाले आणि पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. अभ्यासिकेत दोन-दोन वर्षे काढणाऱ्या, एक वेळच्या डब्यावर भागविणाऱ्या या मुलांइतका संयम आपल्यापैकी कितीजणांनी केला असेल? त्यांना संयमाचा उपदेश करण्यापूर्वी वेळापत्रक पाळावे. निकालाची तारीख, शिष्यवृत्तीचा हप्ता, तपासलेली उत्तरपत्रिका परत देण्याचा वार, या सर्व गोष्टी म्हणजे संस्थेने विद्यार्थ्याला दिलेला शब्दच होय.

शब्द पाळल्याने संयम येईल. तारतम्य मात्र काहीतरी हाती सोपविल्याखेरीज येत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत व जेवत आणि कामेही स्वतःच करीत. त्या प्रयोगाचे मोल आपण जातिभेदनिर्मूलनाच्या खाती मांडतो, ते योग्यच आहे. पण अंगावर पडलेल्या कामातून मुलगा हिशेबी होतो, ही त्याची दुसरी बाजू आहे.

विद्यार्थ्यांनीच चालविलेली खानावळ पाहावी. महिन्याचा खर्च जेवणाऱ्यांच्या संख्येने भागायचा, एवढाच नियम. पहिल्या आठवड्यात चिटणीस दोनदा गोडधोड करतो व लोकप्रिय होतो. शेवटच्या आठवड्यात आमटी पातळ होते आणि त्याला ताटासमोर उत्तरे द्यावी लागतात. स्वस्त मिळाले म्हणून कांद्याचे पोते आणावे, तर पंधरा दिवसांत निम्मे सडते. एका मित्राची थकबाकी सोडावी तर तिचा बोजा इतरांच्या बिलावर चढतो. न सोडावी तर मैत्री जाते. पर्यायी खर्चाची व्याख्या ‘अपेक्षित प्रश्नसंचा’तून पाठ करणाऱ्याला परीक्षेत गुण मिळतात, पण तिचा अर्थ त्या पोत्यापाशी कळतो. (अशा हिशेबात थोडी अफरातफरही होते, ही प्राचार्यांची भीती रास्त आहे. वही दर महिन्याला फलकावर लावली की ती बरीच कमी होते.)

आपली महाविद्यालये मात्र सोपविण्याच्या बाबतीत विलक्षण कृपण. १९८९ पासून अठरा वर्षांचा तरुण लोकसभेचा सदस्य निवडतो. त्याच तरुणाने वर्गाचा प्रतिनिधी निवडू नये, असे आपल्या राज्याने १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने ठरविले आणि गुणवत्तेनुसार नेमणुका सुरू केल्या. त्यामागे निवडणुकांतील हिंसेचा कटू अनुभव होता. २०१६ च्या अधिनियमाने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली; २०१९ मध्ये त्या जाहीर होऊन पुढे ढकलल्या गेल्या. त्यांचे व्हायचे ते होवो. स्नेहसंमेलनाचा निधी, सहलीचे अंदाजपत्रक, वाचनालयासाठी घ्यावयाच्या पुस्तकांची यादी, वसतिगृहाच्या खानावळीची वही हे सारे विद्यार्थ्यांच्या हाती देण्यासाठी कोणत्याही अधिनियमाची वाट पाहावी लागत नाही. प्राचार्यांची सही तेवढी पुरते.