मेंदूतील मूक आघातांचा शोध

मेंदूतील एखाद्या बारीक धमनीचा रक्तप्रवाह थांबला की तिच्यावर अवलंबून असलेला पेशींचा छोटा पुंजका मरतो. परंतु तो हालचाल किंवा वाचा यांच्याशी संबंधित भागात नसेल, तर बाहेर कोणतेच लक्षण दिसत नाही आणि पक्षाघात होऊन गेल्याचे त्या व्यक्तीला कळतही नाही. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे ६० ते ९० वर्षे वयाच्या १,०७७ लोकांची एमआरआय तपासणी झाली, तेव्हा सुमारे २० टक्के लोकांच्या मेंदूत अशा मूक आघातांच्या खुणा आढळल्या, आणि त्यांना स्मृतिभ्रंश होण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक असल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. हे आघात आकाराने लहान असले, तरी त्यांना किरकोळ म्हणता येणार नाही.

एमआरआयमध्ये प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या शरीरातील हायड्रोजनची केंद्रके, म्हणजे मुख्यतः पाण्यातील केंद्रके, रेडिओ लहरींना जो प्रतिसाद देतात, त्यावरून प्रतिमा तयार होते. ताजा आघात ओळखण्यासाठी यातील विसरण-आधारित पद्धत सर्वांत उपयुक्त ठरली असून, तिचा पाया फ्रान्समधील देनी ल बिआँ यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यास घातला. विसरण म्हणजे उष्णतेमुळे रेणूंची अखंड चालणारी स्वैर हालचाल. रक्तपुरवठा तुटल्यावर पेशींची ऊर्जा संपते, सोडियम बाहेर टाकणारी यंत्रणा बंद पडते, आत साचणाऱ्या सोडियमपाठोपाठ पाणी शिरून पेशी फुगतात, त्यांच्यामधील जागा चिंचोळी होते आणि पाण्याचे विसरण मंदावते. नेमका हाच भाग प्रतिमेवर तेजस्वी दिसतो. १९९० मध्ये मायकेल मोझली व सहकाऱ्यांनी मांजरांवरील प्रयोगांत हा बदल तासाभराच्या आत टिपला. इतक्या लवकर केलेल्या सीटी स्कॅनमध्ये बहुधा काहीच आढळत नाही.

ही चमक काही आठवड्यांत मावळते, आणि मग जुन्या आघाताच्या जागी कित्येकदा ३ ते १५ मिलिमीटर व्यासाची द्रवाने भरलेली पोकळी, म्हणजे लॅक्यून, उरते. त्याहून सूक्ष्म आघात नेहमीच्या १.५ टेस्ला क्षमतेच्या यंत्रातून बहुतांशी निसटतात (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक). ७ टेस्लाच्या यंत्रांनी मेंदूच्या बाह्यकातील एक-दोन मिलिमीटरचे आघात जिवंत माणसात दाखवले, पण अशी यंत्रे प्रामुख्याने संशोधन संस्थांतच आहेत.

काही मिनिटांत ओसरणारा हाताचा बधिरपणा किंवा अडखळलेली वाचा अनुभवलेल्या रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश जणांच्या विसरण-प्रतिमेत ताजा आघात सापडतो. म्हणून लक्षण आपोआप गेले तरी घरी न थांबता तातडीने रुग्णालय गाठावे.